पावसात वाहून गेलेल्या कसोटीतला झेल

चष्म्याच्या दुकानातल्या काकांचं तोंड आजवर कुणाला बंद करता आलं नव्हतं, आणि त्या दिवशी काम एवढंच होतं की शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते चालू राहिलं पाहिजे. सांगायला सोपं. पण ते काम होतं स्पीच थेरपिस्टबाईंवर, आणि त्या ते पहिल्यांदाच एकटीने करणार होत्या.

काकांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती आणि ती नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून बसली होती. गाठ काढायची, पण बोलणं जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी कवटी उघडी असताना काकांना मध्येच जागं करायचं. सर्जन एका बारीक टोकाने मेंदूच्या एकेका जागेला हलकासा करंट देणार, काका बोलत राहणार, आणि जिथे बोलणं अडखळेल ती जागा सोडून द्यायची. अडखळलं की नाही, हे ठरवणार बाई. आजवर त्यांच्या वरिष्ठ, मोठ्या मॅडम, शेजारी असायच्या आणि बाई नुसती टिपणं घ्यायच्या. मोठ्या मॅडम आता रजेवर. "अगं, तुला सगळं येतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. येतं म्हणजे काय, बाईंना पोहायलाही येत होतं. म्हणून काय भर समुद्रात एकटीला सोडून द्यायचं?

प्रश्नांची तयारी दोन दिवस आधीच वॉर्डात झाली होती. बाईंनी नेहमीची चित्रं पुढे केली होती: किल्ली, कप, शिडी, हत्ती.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय बाई? मला बालवाडीत घातलंत?"

"ओळखीचं काहीतरी लागतं, काका. झोपेतून उठवलं तरी सांगाल असं."

"मग कसोटी क्रिकेट विचारा. पण सर्वात जास्त शतकं, सर्वात जास्त बळी, असलं नको. ते शेंबडं पोरही सांगतं. मला आडबाजूचं विचारा."

"मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम! म्हणजे मध्ये मध्ये बोलणार नाही तुम्ही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर काकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. दुकानातला गल्ला आणि काकांच्या बोलण्यात अडकलेली गिऱ्हाइकं, दोन्ही सांभाळणं त्यांच्याकडे. "माणूस येतो चष्म्याची काडी बसवायला," त्या म्हणाल्या, "आणि हे त्याला दहा दिवस चाललेली कसोटी ऐकवतात. शेवटी मायदेशी जायची बोट सुटेल म्हणून पाहुणा संघ सामना अर्धवट टाकून गेला म्हणे. आमचं गिऱ्हाईकही तसंच, बस सुटेल म्हणून पळतं."

"काडी विसरून जातं," काका म्हणाले. "मग परत येतं. धंदा असा करतात."

काका सांगत गेले, बाई उतरवून घेत गेल्या. एकही धाव न करता सर्वात जास्त वेळ टिकलेला फलंदाज: एकशे एक मिनिटं, आणि शेवटी शून्यावर बाद. अगदी पहिली कसोटी पंचेचाळीस धावांनी जिंकली गेली. शंभर वर्षांनी त्याच मैदानावर तेच दोन संघ पुन्हा भिडले, तेव्हाही तोच संघ जिंकला, पंचेचाळीसच धावांनी. एकाची जन्मतारीख आठ चार त्रेसष्ट, आणि त्याच्या कसोटीतल्या सगळ्या धावा आठ हजार चारशे त्रेसष्ट. हे सांगताना काकांचा चेहरा असा फुलला, जणू त्या माणसाला शेवटच्या धावेला थांबवलं ते यांनीच.

"आता माझा एक प्रश्न घाला," काकू म्हणाल्या.

काका एकदम चष्मा पुसायला लागले.

"लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा चहाला भेटलो ना, तेव्हा यांनी मला एका खेळाडूचं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीचा. त्याला आयुष्यात एकच कसोटी मिळाली, आणि तिच्यात आला पाऊस. पहिल्या दिवशी थोडा वेळ काय तो खेळ झाला, पुढे सगळं पाण्यात. बिचाऱ्याला ना बॅटिंग मिळाली, ना बोलिंग. परत कधी कसोटीला बोलावणं नाही. मला इतकं वाईट वाटलं हो! पुढ्यातला चहा गार व्हायला लागला. मी म्हटलं, म्हणजे काहीच नाही केलं त्याने? तर हे म्हणाले, नाही नाही, एक झेल घेतला. तेव्हा कुठे मी कप उचलला." काकूंनी पिशवी सारखी केली. "त्या झेलावर लग्न झालंय आमचं. क्रिकेटमधलं मला तेवढं एकच येतं."

बाईंनी लगेच विचारून पाहिलं. "त्या खेळाडूने त्याच्या एकुलत्या एक कसोटीत किती झेल घेतले?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. अर्धा श्वास जाईल इतकाच वेळ गेला. "एक," ते म्हणाले.

वेगवेगळ्या वेळी तीनदा तेच उत्तर आलं तरच प्रश्न पक्का धरायचा, असा नियम. काकांनी तीनदा "एक" सांगितलं, तिन्ही वेळा काकू समोर होत्या, आणि तिन्ही वेळा तो अर्धा श्वास मध्ये आला. बाईंनी शेजारी लिहिलं, "किंचित उशीर." जुनी आठवण आहे, माळ्यावरून काढायला वेळ लागत असेल, असं त्यांना वाटलं. उत्तर खरं की खोटं, हे काही त्यांनी तपासलं नाही. तपासायचंच नसतं. मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपण परीक्षक नाही. कालचं उत्तर आणि आजचं उत्तर जुळतंय का, तेवढं बघायचं."

शस्त्रक्रियेच्या सकाळी काकूंनी दारातच बाईंचा हात धरला. "हात जड झाला तर मी भरवीन. पाय ओढत चालले तर काठी आणू. पण बोलणं नका हो जाऊ देऊ. मी आयुष्यभर म्हणत आले, जरा गप्प बसा, जरा गप्प बसा. कुणी ऐकलं तर नसेल ना?"

बाईंनी नुसता काकूंचा हात थोपटला. दुसऱ्यांना बोलतं करायचं काम करणाऱ्या माणसाची ही अशी गत.

आत थंडी होती. काकांचं डोकं पकडीत घट्ट बसवलं होतं आणि चेहऱ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तंबू केला होता. त्या तंबूत, काकांच्या तोंडाशी तोंड येईल असं, बाई बसल्या. प्लास्टिकच्या पलीकडे सर्जनचे हात. उशाशी भूलतज्ज्ञ डॉक्टर, मॉनिटरवर डोळा ठेवून; त्यांनी नुकतंच काकांना जागं केलं होतं.

"काका, ऐकू येतंय?"

"येतंय. तुमचं नाक नाही दिसत मास्कमुळे. चष्मा बसवायला अवघड गिऱ्हाईक."

भूलतज्ज्ञ हसल्या. बाईंना हसू आलं नाही.

"करंट देतोय," वरून सर्जन म्हणाले.

"सर्वात लांब शून्य, काका?"

"एकशे एक मि..." आणि तोंड तसंच उघडं राहिलं. डोळे भिरभिरले.

"थांबा!"

करंट निघाला. "मिनिटं," काका म्हणाले. "आत्ता कुठे गेलो होतो हो मी?"

"ड्रिंक्स ब्रेक," भूलतज्ज्ञ म्हणाल्या.

सर्जनने त्या जागेवर कागदाचा इवलासा तुकडा ठेवला. ही जागा सोडायची. असं करत करत सगळा नकाशा तयार झाला. मग करंट बाजूला ठेवून त्यांनी गाठ काढायला घेतली. आता काकांनी नुसतं बोलत राहायचं होतं आणि बाईंनी कान टवकारून बसायचं होतं. किल्ली, शिडी, बोट सुटली ती कसोटी, पुन्हा हत्ती. बाईंची मान आखडली. काकांचा आवाज थकून जड झाला, पण शब्द जागच्या जागी होते.

"हा शेवटचा तुकडा," सर्जन म्हणाले. "बोलण्याच्या जागेला अगदी चिकटलाय. ठेवला तर पुन्हा वाढणार. बोलत ठेवा, मॅडम."

पुढचा प्रश्न काकूंचा होता. "त्या एकुलत्या एक कसोटीत त्याने किती झेल घेतले, काका?"

"एकही नाही."

बाईंनी हात वर केला. "थांबा, सर!"

हात थांबले. "काय झालं? करंट नाहीये आत्ता."

तेच तर. करंट असता तर काढल्यावर उत्तर ताळ्यावर आलं असतं. करंट नसताना उत्तर बदललं, म्हणजे इजा होऊन गेली की काय? बाईंनी पुन्हा विचारलं.

"एकही नाही," काका म्हणाले. या वेळी तर तो अर्धा श्वाससुद्धा मध्ये नव्हता. स्वच्छ, सरळ, ठाम. त्याचीच जास्त भीती वाटली. त्या जागेला धक्का लागला की काही माणसं घडाघडा बोलतात आणि भलतंच बोलतात. होचं नाही होतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

"किल्ली दाखवते. हे काय?" "किल्ली." "पहिल्या कसोटीचा निकाल?" "पंचेचाळीस धावांनी." सगळं बरोबर. तेवढं एकच चूक.

"मॅडम," सर्जनचा आवाज शांत होता, पण त्या शांतपणाला धार होती. "पुढे जाऊ की बंद करू? फार वेळ नाही थांबता येणार."

बंद करा म्हणावं, तर गाठीचा तुकडा आत राहणार. पुढे जा म्हणावं, तर बाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या काकूंच्या घरात कायमची शांतता. बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहावं तसं शेजारी पाहिलं. मोठ्या मॅडम काय करतील? त्या नियम पाळतील. उत्तर जुळलं नाही, थांबायचं. बाईंच्या जिभेवर "बंद करा" आलंच होतं.

पण त्याआधी त्यांनी, कुठल्याच नियमात नव्हतं असं, सरळ काकांनाच विचारलं. "काका, परवा तुम्ही तीनदा 'एक' म्हणाला होतात."

काकांचे डोळे पकडीत जमेल तेवढे एकीकडे वळले, मग दुसरीकडे.

"ती आहे का इथे?"

"काकू? नाही. बाहेर आहेत."

"मग एकही नाही." काकांनी ओठ ओले केले. "पठ्ठ्याने काही म्हणजे काहीच केलं नाही. ना बॅट, ना बॉल, ना झेल. तेच तर रेकॉर्ड आहे त्याचं. सगळ्या कसोटींत तसा तो एकटाच. पण तिचे डोळे भरून आले हो. चहा गार होत होता. मग दिला त्याला एक झेल."

"आणि आज?"

"अहो, डोकं उघडं टाकून खोटं कसं बोलायचं? यांना वरून दिसत असेल."

प्लास्टिकच्या पलीकडे कुणीतरी फसकन हसलं. "मला फक्त रक्तवाहिन्या दिसतायत, काका," सर्जन म्हणाले. आणि लगेच, "मॅडम?"

बाईंनी ते सगळं बोलणं मनात पुन्हा चालवून पाहिलं. "पण" होता, "तेच तर" होतं, वाक्यं धडपडली नव्हती, शब्द भलता पडला नव्हता. एका प्रश्नाची दोन उत्तरं, आणि कुठलं कुणासमोर द्यायचं याचं भान. हे ज्याला जमतं त्याच्या बोलण्याला ओरखडा गेलेला नसावा. नसावा. की आपल्याला ती गोष्ट आवडली म्हणून असं वाटतंय?

"पुढे, सर," त्या म्हणाल्या.

"बाहेर सांगू नका," काका पुटपुटले.

"बोलत राहा, काका."

"हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगतंय."

तुकडा निघाला. पण बाईंचा जीव काही भांड्यात पडला नाही, कारण संध्याकाळी काका नुसतं "हं" म्हणत होते. पाणी हवं का? हं. दुखतंय? हं. दुसऱ्या दिवशीही तेच. "सूज असते," बाईंनी काकूंना समजावलं, "ती उतरली की शब्द परततात." खरंच होतं ते, पण सांगताना आपलाच आवाज त्यांना उसना वाटला. घरी कुकरची शिट्टी झाली तरी त्या दचकत होत्या. नियम होता, आणि आपण तो एका झेलापायी मोडला.

तिसऱ्या सकाळी त्या चित्रं घेऊन वॉर्डात गेल्या. काकांच्या डोक्याला पट्ट्या, काकू स्टुलावर, पिशवी मांडीवर.

"हे काय, काका?"

"चढायचं... ते." बराच वेळ गेला. "शिडी."

"सर्वात लांब शून्य?"

"एकशे... एक. मिनिटं."

येत होते शब्द, पण एकेक असा, जणू जिना चढून वर येऊन दम खात होता.

"माझा विचारा की," काकू म्हणाल्या.

बाईंना तो विचारायचा नव्हता. काका अडले तर? आणि "एकही नाही" म्हणाले तर? पण काकू वाट बघत होत्या. "त्या खेळाडूने त्याच्या एकुलत्या एक कसोटीत किती झेल घेतले, काका?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. तोच अर्धा श्वास मध्ये गेला.

"एक."

"बघा!" काकूंनी टाळीच वाजवली आणि मग तोच हात डोळ्यांवर धरला. "हे नाही विसरायचे!"

"चष्मा," काका म्हणाले. काकूंनी पिशवीतून काढून दिला, तर तो न लावता ते चादरीच्या टोकाने पुसत बसले. बाईंकडे काही त्यांनी पाहिलं नाही.

बाईंनी पेन काढलं आणि त्या उत्तरापुढे लिहिलं, "किंचित उशीर. पूर्वीसारखाच."