पश्चिमेला जाताना रोजा

विमान कोळिकोडहून उडालं तेव्हा बीरानला हिशेब अगदी सोपा वाटला होता. जिद्दाला पोचायला साडेपाच तास. वाटेत समुद्रावर कुठेतरी दिवस मावळेल, खजूर खाऊन रोजा सोडायचा आणि रात्री तरावीहच्या नमाजाला लेकीच्या घरी. जन्मभर तिरूरच्या बाजारात सुपारीचा धंदा केला. विमानात बसला तो आजच.

गेल्या वर्षी रमजानचा सगळा महिना इस्पितळात गेला होता. या वर्षी एकही रोजा चुकवायचा नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

घड्याळाप्रमाणे गावाकडे संध्याकाळची बांग केव्हाच होऊन गेली होती. खिडकीत मात्र सूर्य होता तिथेच. बीरान मान वाकडी करून बघे, टेके, पुन्हा बघे. समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान निळ्या समुद्रावर चिकटल्यासारखं.

"बीरानिक्का, किती बघाल? नजर लागेल त्याला," शेजारचा शमील म्हणाला. हा मंजेरीचा पोरगा सुट्टी संपवून कामावर परतत होता.

"मावळत कसा नाही रे?"

"आपण त्याच्याच मागे पळतोय ना! गावापेक्षा दोन तास तरी उशीर होणार. म्हणून तर आम्ही रोज्यात रात्रीचं विमान धरतो."

"जावई हेच सांगत होता," पलीकडून त्याची बायको बिय्याथू म्हणाली. "पण बायकोचं ऐकलं नाही, ते जावयाचं ऐकतील?"

"गप गं. दोन तासांनी काय मरत नाही."

पण ते दोन तास सरेनात. मागच्या रांगेत कुणीतरी लिंबू पिळलं, त्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते गिळावं की नाही याचीही शंका आली. पडद्यावर अंतर कमी होत होतं. दिवस मात्र होता तेवढाच.

मग बिय्याथूचं डोकं समोरच्या आसनाला टेकलं.

"काय होतंय?"

"काही नाही. जरा गरगरतंय."

सकाळची रक्तदाबाची गोळी तिने रोज्यामुळे घेतली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

"तू सोड रोजा. आजाऱ्याला मुभा आहे. नंतर एक धरून भरपाई करता येते."

"तुमच्या आधी सोडलाय का कधी? लग्न झाल्यापासून?"

"खुळी आहेस का?"

"आहे. बघा तुम्ही तुमचा सूर्य."

बीरानने पुन्हा खिडकीकडे पाहिलं. ऊन थेट डोळ्यांत आलं. अजून थोडंसंच, अजून थोडं, असं मनात घोळत राहिलं. तिचा हात धरून पाहिला तर गार आणि ओला.

त्याने पिशवीतून खजूर काढला. अल्लाचं नाव घेतलं आणि भर उन्हात तो तोंडात टाकला.

"खाल्ला. आता तू."

बिय्याथूने त्याच्या हनुवटीकडे पाहिलं, खजूर गिळल्याची खात्री करून घेतली, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली ती संपेपर्यंत काढलीच नाही.