तारखेकडचे तुकडे

मी औषधाच्या दुकानातली कात्री बोलतेय. जीभ तिखट आहे, आधीच सांगून ठेवते. गोड ऐकायचं असेल तर मागच्या फळीवर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत, त्यांच्याकडे जा.

कारखान्यात असताना वाटायचं, शिंप्याकडे जाऊ, रेशीम कापू. नशिबी आल्या गोळ्यांच्या स्ट्रिप. पण ताईंच्या हाती पडले आणि कुरकुर संपली. ताई म्हणजे आमच्या फार्मासिस्ट. दुकान त्यांचं आणि कापायची शिस्तही त्यांचीच. स्ट्रिपच्या ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते, ते टोक सुट्या गोळ्या घेणाऱ्याला कधी द्यायचं नाही. गिऱ्हाइकाला तारीख दाखवायची, कागदी पाकिटावर लिहून द्यायची आणि उलट्या बाजूने कापायचं. तारखेकडचा तुकडा दुकानातच राहायचा.

मग तापाची साथ आली. त्यात कुणीतरी मोबाईलवर सोडून दिलं, की सांधे आखडण्यावरची एक गोळी घेतली तर हा ताप जवळ फिरकत नाही. झालं! धडधाकट माणसं रांगा लावून उभी. ताई घसा फोडून सांगत होत्या, "अहो, ही तापाची गोळी नाही. ज्यांना रोज लागते त्यांना मिळू द्या." ऐकतंय कोण? नात्यातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन यायचे आणि वर ताईंवरच डाफरायचे, साठा दडवता म्हणून. माझ्या पात्यांची नुसती आग व्हायची.

ताई चिठ्ठीवाल्यांना थोड्याच गोळ्या कापून देत. तारखेकडचे तुकडे मात्र एका पाकिटात घालून माझ्या खणात ठेवत. ते मावशींसाठी होते. मावशी समोरच्या गल्लीत शिवणकाम करायच्या. गोळी चुकली की त्यांची बोटं आखडायची आणि मशीन बंद पडायचं.

गर्दी आवरायला ताईंचे दीर येऊ लागले. एके दिवशी ताई आत गेल्या होत्या, तेव्हा भाऊजींनी खण उघडला, पाकीट उचललं आणि खिशात घातलं. मी तिथेच पडले होते. मला आवाज असता तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मावशी आल्या. खण रिकामा.

"भाऊजी, इथलं पाकीट पाहिलंत का?"

"गर्दीत तुमच्याच हातून गेलं असेल कुणाला, वहिनी."

आणि ताईंना ते खरं वाटलं. घाऊक व्यापाऱ्यांना फोन केले, ओळखीच्या दुकानदारांच्या विनवण्या केल्या. माल कुठेच नव्हता. मावशी येत राहिल्या, रिकाम्या हाताने जात राहिल्या. "जाऊ दे गं पोरी, तू तरी काय करणार," असं म्हणायच्या. ती समजूत ऐकून मला जास्तच संताप यायचा. माल आला तोवर मावशींची बोटं वाकली ती वाकलीच. मशीन विकून टाकलं.

साथ ओसरली. लोकांनी एकमेकांचे सत्कार केले. ताई मात्र अजून मावशी दिसल्या की नजर चुकवायच्या.

मागच्या आठवड्यात भाऊजी आले. "वहिनी, साथीत घेऊन ठेवलं होतं, कपाट आवरताना सापडलं. एकही गोळी वापरली नाही बघा. बदल्यात एक शाम्पू द्या."

ताईंनी पाकीट काउंटरवर उलटं केलं. सगळे तारखेकडचे तुकडे.

"भाऊजी, हे तुकडे मी गिऱ्हाइकांना कधीच देत नाही. हे खणातलंच पाकीट आहे."

भाऊजींचा चेहरा उतरला. "घरात लहान मुलं होती, वहिनी. भीती वाटली. आता ते उकरून काय उपयोग?"

"भीती मलाही वाटत होती. तरी रोज शटर उघडत होते," ताई म्हणाल्या. "दुकानाची दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे. ती इथे ठेवा आणि निघा."

मुदत संपलेले ते तुकडे पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ताईंनी माझ्याकडून बारीक कापून घेतले. त्या दिवशी मी मुळीच अडखळले नाही.

भीती वाटली तर घाबरा की खुशाल, कोण नाही म्हणतंय? पण दुसऱ्याच्या तोंडातलं औषध काढून आपल्या कपाटात सडवू नका. तो शहाणपणा नव्हे, चोरी आहे.

मावशी अजून येतात. त्यांना आता स्ट्रिपमधून गोळी दाबून काढता येत नाही. ताई माझ्या टोकाने एकेक गोळी सोडवतात, सैल झाकणाच्या डबीत भरतात आणि ती डबी मावशींच्या दोन्ही मनगटांमध्ये नीट धरवून देतात.