बंदरवाडीच्या बावेचं पाणी

सारिका म्हापणकरची जीप बंदरवाडीच्या तिठ्यावर आली तेव्हा रस्त्यात तीन मोटारसायकली आडव्या लावलेल्या होत्या. ड्रायव्हर लवूने हॉर्न वाजवला. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा तोंडं फिरवली.

"चलतच जावया, मॅडम," लवू म्हणाला. "हे काय गाडये काढूचे नाय."

सारिका प्रदूषण नियंत्रण मंडळाची क्षेत्र अधिकारी होती. त्याच आठवड्यात तिने नांदगावकडच्या एका खडी क्रशरवर धूळ मोजायचं यंत्र बसवलं होतं, एका जत्रेत लाउडस्पीकरचा आवाज मोजताना शिव्या खाल्ल्या होत्या, आणि फोंडाघाटात एका दवाखान्याचा कचरा कुठे जातो ते पाहून आली होती. शिव्यांची तिला सवय होती. बंदरवाडीत मात्र कोणी शिवी देत नव्हतं. नुसते बघत होते.

तक्रार गंगाराम तारीची होती. मालवाहू बोटींवर तीस वर्षं काढून तो घरी परतला होता. त्याच्या सहा वर्षांच्या नातीला कावीळ झाली होती आणि ती ओरोसच्या रुग्णालयात होती. पाण्यामुळे झालं, असं डॉक्टर म्हणाले. गंगारामच्या विहिरीला, म्हणजे त्याच्या भाषेत बावेला, लागून दगडी कुंपणाचा गडगा होता आणि गडग्यापलीकडे समद मुकादमची मासळीची शेड. तिथे बारा बायका कोळंबी आणि म्हाकूल सोलून, धुऊन बर्फात घालत. शेडची घाण बावेत उतरते, ती बंद करा, असा अर्ज गंगारामने केला होता. त्याखाली वाडीतल्या चाळीस जणांच्या सह्या होत्या.

मागच्या खेपेला सारिकाने पाण्याचे नमुने नेले होते. आज ती निकाल घेऊन आली होती. गंगारामच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पंचवीसेक माणसं जमली होती.

"रिपोट इलो?" गंगारामने विचारलं. बसा म्हणाला नाही.

"आला. विहिरीच्या पाण्यात संडासातले जंतू आहेत, पुष्कळ आहेत." सारिकाचं माहेर खारेपाटणचं. मालवणी तिच्या तोंडात होतीच, पण कामावर ती मुद्दाम ऑफिसातली मराठी धरून ठेवायची. "शेडमधलं मासळी धुतलेलं पाणी झिरपत असतं तर त्यात चरबी आणि क्षार वाढलेले दिसले असते. तसे ते दिसत नाहीत."

"शेडीत बारा बायलो कामाक आसत," मागून एकजण ओरडला. "तेंचो संडास खंय जाता?"

"तेंका हयसून उठवाक व्हया," दुसरा म्हणाला. तेंका म्हणताना त्याने शेडकडे नाही, तर शेडच्या मागे मशिदीभोवती असलेल्या घरांकडे हात केला. सारिकाने ते पाहिलं.

"कोणाचा संडास ते शोधायलाच मी आलेय," ती म्हणाली. लवूने आणलेल्या पेटीतून तिने दोन बाटल्या काढल्या. एकीत हिरवा रंग होता, दुसरीत लाल. "हिरवा रंग समदभाईंच्या संडासात ओतायचा. लाल तुमच्या पर्यटकांच्या खोल्यांच्या संडासात. ज्या खड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरत असेल, त्याचा रंग विहिरीत येईल."

गंगाराम उभा राहिला. "आमच्या? अर्ज कोणी केलो, मी काय तेणी?"

"विहिरीपासून शंभर फुटांच्या आतले सगळे खड्डे तपासावे लागतात. इथे दोनच आहेत."

गंगारामचा मुलगा दीपेश पुढे आला. तीन वर्षांपूर्वी मुंबईतली नोकरी सोडून त्याने घरामागे चार खोल्या बांधल्या होत्या. मोसमात त्या कधी रिकाम्या नसत. "खोल्यांत गिऱ्हाइकां आसत. कमोड लाल झालो तर तेंका काय सांगू? आणि आमचो खड्डो पक्को आसा, सिमेंटचो. फोटो दाखवतंय तुमका."

"फोटो पाहिलेत मी. तरी रंग ओतावा लागेल."

दाराशी दीपेशची बायको दिव्या उभी होती. मुलीचे कपडे न्यायला ती तासाभरासाठी रुग्णालयातून आली होती. ती आत गेली आणि खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा आणून तिने सारिकाच्या हातात दिला.

"दिव्या!" दीपेश म्हणाला.

"कोणाचाय आसांदे," ती म्हणाली. "माका कळाक व्हया."

सारिकाने खोल्यांच्या संडासांत लाल रंग ओतला. विहिरीच्या तोंडावर तिने ताडपत्री बांधून घेतली, दोरीच्या गाठींना लाखेचं सील लावलं आणि दोन पंचांच्या सह्या घेतल्या. पाणी पिऊ नका, पण पंप रोजच्यासारखा चालवा आणि ते पाणी माडांना सोडा, असं तिने सांगितलं. पंप जितका चालतो तितकं आजूबाजूचं पाणी विहिरीकडे ओढलं जातं, हे समजावायला ती थांबली, पण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

समदच्या शेडमध्येही तिला कोणी खुर्ची दिली नाही. समद पन्नाशीचा होता. रबरी बूट घालून तो बर्फ फोडत होता. "सगळे एकाच दारातसून येतत, मॅडम," तो म्हणाला. "पयले ते, मगे तुमी."

त्याची बायको बानू हातातली सुरी खाली ठेवून आली. "हिरवो संडास बघून माझ्यो बायलो उद्या कामाक येवच्यो नाय. तुमी येतल्यात म्हाकूल सोलूक?"

सारिकाने हिरवा रंग ओतला. परत निघताना शेडच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेला जाड पाइप तिला दिसला. तो सरळ खाडीत सोडलेला होता. त्याच्या तोंडाशी पांढरा फेस, म्हाकुलांच्या साली आणि उग्र वास. तिने फोटो काढले.

"तेचो फोटो कित्याक?" समद मागून आला. "बावेचा बघूक इल्यात मा तुमी?"

"तपासणीत दिसेल ते लिहावं लागतं."

"लिवा तर," समद म्हणाला आणि त्याने फाटक तिच्या पाठीशी धाडकन लावलं.

पहिला दिवस गेला, बावेत रंग आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. सारिका नमुना घेऊन परत आली तोवर जीपच्या दोन चाकांमधली हवा काढलेली होती. लवू घामाघूम होऊन हातपंप मारत होता आणि समोरच्या पायरीवरून चारजण मजा बघत होते. भर दुपारी समदच्या शेडच्या पत्र्यावर दगड पडले. एक पत्रा फुटून आत काम करणाऱ्या बाईच्या खांद्याला लागलं. समदने पोलिसांत वर्दी दिली. दगड कोणी मारले ते वाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "सारिका, तिथून मला तीन फोन आलेत. लवकर आटप आणि नीघ."

"रंग यायला वेळ लागतो, सर."

"वेळच नाहीये आपल्याकडे."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती पोचली, तेव्हा अर्धी वाडी बावेभोवती होती. सील शाबूत होतं. तिने पंचांना ते दाखवलं, ताडपत्री सोडली, बाटली दोरीने खाली सोडली आणि भरून वर ओढली. मग उन्हात धरली. पाणी फिकट गुलाबी होतं. मागे पांढरा कागद धरल्यावर शंका राहिली नाही.

मग गंगाराम म्हणाला, "राती कोणीतरी ओतल्यान." आणि त्याने गडग्याकडे बोट केलं.

"सील तुमच्याच माणसांनी आत्ता पाहिलं," सारिका म्हणाली.

"मगे तूच ओतलंस. तू खारेपाटणची, आमच्यातलीच मा गो? तुका कोणी इकत घेतल्यान ता आमका म्हायत आसा!"

गर्दी सरकून जवळ आली. दीपेशने झडप घालून तिच्या हातातली बाटली ओढली. सारिकाने ती सोडली नाही. पाणी सांडून तिच्या बाहीवर गुलाबी डाग पडला. लवू मध्ये शिरला, त्याला कोणीतरी मागून ढकललं आणि तो बावेच्या कठड्यावर आपटला.

"सोड ती बाटली!"

दिव्याचा आवाज होता. हातातली पिशवी खाली ठेवून ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. रोजच्या रात्री रुग्णालयात जागून तिचे डोळे तांबारले होते.

"कोणी ओतूक नाय," ती म्हणाली. "खड्ड्याक तळच नाय. पलीकडे खणताना काळो कातळ लागलो, म्हणान तेणी खड्डो बावेच्या कुशीक आणल्यानी. सिमेंटची दोन रिंगां वर घातली, फोटो काढल्यानी, आणि तळ उघडो ठेवल्यानी. कित्याक? तर मोसमात भरूक नको म्हणान. मी बघी होतंय. तेव्हा बोलाक नाय मी."

"घरात जा," दीपेश दातओठ खात म्हणाला.

"माझ्या चेडवाक मी माझ्याच खोल्यांचा पाणी पाजलंय," दिव्या म्हणाली, आता गर्दीकडे बघत. "आणि तुमी समदभाईच्या पत्र्यार दगड मारतास."

दीपेशच्या हातातून बाटली सुटली. तो कोणाकडे न बघता घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. गंगाराम बावेच्या कठड्यावर बसला. सारिकाला वाटलं, आता हा म्हातारा रडेल. तो रडला नाही. सुनेकडे बघून म्हणाला, "तू आमच्या घरातली मा? तुका तोंड उघडूक कोणी सांगल्यान?"

पिशवी उचलून दिव्या ओरोसची एसटी गाठायला निघाली. तिला सोडायला कोणी गेलं नाही.

सारिकाने दुसरी बाटली भरली, सील केली आणि पंचनामा लिहायला घेतला. पंचांपैकी एकाने सही करायला नकार दिला. दुसऱ्याने केली, पण पेन परत देताना तिच्याकडे पाहिलं नाही. माणसं पांगू लागली. मोटारसायकली सुरू झाल्या.

गडग्यापलीकडे समद आणि बानू सगळं ऐकत उभे होते. समद फाटकातून खळ्यात आला. त्या घरात तो दोन वर्षांनी पाऊल टाकत होता.

"आता?" त्याने गंगारामला विचारलं. "आता बोला कायतरी."

गंगाराम जमिनीकडे बघत राहिला. समद वाट बघत थांबला, मग राहिलेल्या माणसांकडे वळला. त्यांनीही चपला पायांत सरकवल्या.

सारिकाने फाइलमधून दोन कागद काढले. एक तिने गंगारामजवळ कठड्यावर ठेवला: नवी पक्की टाकी विहिरीपासून लांब बांधेपर्यंत खोल्या बंद. दुसरा तिने समदसमोर धरला.

"ह्या काय?"

"नोटीस. शेडला मंडळाची संमती नाही, आणि धुतलेलं पाणी तुम्ही तसंच खाडीत सोडता. पंधरा दिवसांत शुद्धीकरणाची टाकी बांधायला घ्यायची, नाहीतर वीज तोडली जाईल."

समदचा चेहरा बदलला. "दगड आमी खाल्ले, आणि नोटीसय आमकाच?"

"विहिरीचं पाणी तुम्ही खराब केलं नाही, हे मी लिहिलंय. खाडीचं करताय, हेही लिहिलंय."

"वा," बानू म्हणाली. "आमी समजलंव, एक तरी माणूस सरळ इला. तू तेंच्यापेक्षा वायट. ते निदान तोंडार मारतत." तिने कागद नवऱ्याच्या हातातून घेतला, चुरगळला, मग काय वाटलं कोण जाणे, सरळ करून कमरेला खोवला.

दोघं जीपकडे चालत निघाली. लवूच्या कोपराला खरचटलं होतं. "आपण ह्यांचा काय वायट केलंव?" तो म्हणाला. सारिकालाही राग आला होता, आणि तो नेमका कोणावर काढावा हे तिला कळत नव्हतं.

दहा दिवसांनी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. क्षेत्र अधिकारी म्हापणकर यांनी उद्धट वर्तन केलं, ग्रामस्थांत भांडणं लावली, वाडीची आणि पर्यटनाची बदनामी केली, त्यांची जिल्ह्याबाहेर बदली व्हावी. पहिली सही गंगाराम तारी. दुसरी समद मुकादम.

"दोघांना एकत्र आणलंस बघ," साहेब हसले. सारिका हसली नाही. चौकशी लागली. तिने सहा पानी खुलासा दिला. तीन महिन्यांनी तक्रारीत तथ्य नाही असा शेरा पडून फाइल बंद झाली, पण तोवर दर बैठकीत कोणीतरी तिला बंदरवाडीवाल्या बाई म्हणून हाक मारत होतं.

एप्रिलमध्ये समुद्राच्या पाण्याचे नमुने घ्यायला तिला पुन्हा त्या बाजूला जावं लागलं. किनाऱ्याची वाट तारींच्या घरावरून होती. खोल्यांची पाटी काढलेली होती. बावेवर पत्रा टाकून वर दगड ठेवले होते. समदच्या शेडमागे काँक्रीटची टाकी उभी राहिली होती आणि तिची मोटर चालू होती. समद दारात उभा होता. सारिकाला बघताच तो पाठ फिरवून आत गेला.

पंचायतीच्या नळावर दिव्या हंडा भरत होती. बाकीच्या बायका आपापल्या घागरी घेऊन थोड्या दूर, वेगळ्या उभ्या होत्या. दीपेश परत मुंबईला गेल्याचं लवूने कुठूनतरी ऐकलं होतं.

सारिका थांबली. ऑफिसातली मराठी तिला त्या वेळी सुचली नाही. "चेडू बरा आसा?" तिने विचारलं.

"बरा आसा. शाळेत जाता." दिव्याने हंडा कमरेवर घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी हय थांबा नको. हे सगळे बघतत. तुमी जातल्यात, माका हयसरच रवाचा आसा."

नळासमोरच्या आपल्या घराचं फाटक लावून ती आत गेली. नळावरच्या बायका पुढे सरकल्या. सारिका किनाऱ्याकडे चालू लागली. नमुन्यांच्या बाटल्यांचा बर्फाचा डबा डोक्यावर घेऊन लवू मागून येत होता.