बाबांनी मारलेला जोड

पडद्याला किनार शिवता शिवता ताई रेडिओबरोबर खड्या आवाजात गात होती. गाणं लहानपणापासून तोंडपाठ. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मात्र ती थेट शेवटच्या ओळीवर पोचली आणि रेडिओ मागेच राहिला.

"ताई, मधल्या चार ओळी खाल्ल्यास की!" शेजारच्या मशीनवरची मैत्रीण हसली.

"मी कशाला खाऊ? धाकट्यानं लहानपणी कॅसेटची फीत ओढून तोडली. बाबांनी चुरगळलेला तुकडा कापून उरलेली फीत चिकटवली. आमच्या घरात गाणं एवढंच."

"मग आता तरी नीट शीक."

"हेच नीट आहे. थांब, दाखवते!"

ताईनं भावाला फोन लावून स्पीकर सुरू केला. "मीटिंगमध्ये आहे गं," तो कुजबुजला. ताई सरळ गायला लागली. मग पलीकडून दबक्या आवाजात त्यानंही सूर धरला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर दोघांनी एकदमच उडी मारली. बाबांनी मारलेला जोड अजून कुठे उसवला नव्हता.

ताईनं मैत्रिणीकडे बघत रेडिओकडे बोट दाखवलं.

"आता त्याला सांग, नीट शीक म्हणावं."