गाठीला पाव हात

शाळेच्या आडात पाणी भरपूर होतं, पण पोहऱ्यात येत नव्हतं. पोहरा पाण्याच्या सहा बोटं वर लोंबकळत होता आणि चौथीचा सगळा वर्ग, बाईंसकट, काठावर ओणवा होऊन त्याच्याकडे बघत होता.

झालं होतं असं. आडाचा जुना दोर तुटला. शिपायाने माळ्यावरून दोन तुकडे शोधून काढले, एक साडेपाच हात, दुसरा पावणेचार. बाईंना त्या आठवड्यात पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज शिकवायची होती. त्यांनी दोन्ही तुकडे वर्गात आणले आणि फळ्यावर मांडलं. आधी पुरे हात मिळवा, पाच नि तीन आठ. मग उरलेले तुकडे. अर्ध्याचे केले दोन पाव, त्यात दुसऱ्याचे तीन, झाले पाच पाव. त्यातल्या चार पावांचा एक हात, तो आठांत टाका. एक पाव उरला. सव्वानऊ. कडीला आणि मुठीत जाणारा दोर धरून आडाला नेमका तेवढाच लागत होता.

वर्गात एकतीस मुलं. तिसांनी पाटीवर सव्वानऊ लिहिलं, एकीने नऊ. बाईंनी तिच्या पाटीवर फुली मारली, शिपायाने दोन दोर गाठीने जोडले आणि पोहरा खाली गेला, तो वर सांगितल्याप्रमाणे लोंबकळत राहिला.

"मी नऊच लिहिलं होतं, बाई," ती मुलगी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. बाईंना तेच जास्त लागलं.

ही दोरवाल्याची मुलगी. गावाच्या कडेला लांबलचक मोकळ्या पट्टीत तिचा बाप ताग पिळून दोर वळायचा. आई एका टोकाला चाक फिरवायची, बाप दुसऱ्या टोकाकडून ताग सोडत मागं मागं चालायचा. त्या घरात दोन दोर एकत्र आले की गाठीला पाव हात जायचाच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, जसं पाणी ओलं असतं हे कुणी शिकवत नाही. म्हणून कुठल्याही दोन संख्या मिळवल्या की तिचं उत्तर पाव कमी यायचं. वर्गाने तिचं नावच पावकमी ठेवलं होतं.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. चौथीची परीक्षा घ्यायला तीन आठवड्यांनी वरून साहेब येणार होते. चाक फिरवून आईचा खांदा धरला होता, आणि दोरवाल्याने घरात सरळ सांगून टाकलं होतं की पोरगी पास झाली तर पाचवीला जाईल, नापास झाली तर दुसऱ्या दिवसापासून चाकावर. माणूस वाईट नव्हता. एकदा बोलला की बदलायचा नाही, एवढंच.

बाईंनी कंबर कसली. दोर नको, म्हणाल्या, दूध घेऊ. अडीच शेरांत सव्वा शेर ओतलं, किती? पावकमीने विचार करून साडेतीन सांगितलं. पाव शेर कुठं गेलं, तर भांड्याला चिकटलं. बाईंनी कापड घेतलं, तर शिवणीत गेलं. धान्य घेतलं, तर पोत्याच्या भोकातून गळलं. शेवटी वेळ घेतला. बाप सकाळी दीड तास नि दुपारी अडीच तास काम करतो, तर एकूण किती? पावणेचार, कारण मधे तो पाणी प्यायला उठतो आणि शेजाऱ्याशी बोलत बसतो.

चार दिवसांत ही साथ वर्गभर पसरली. शिंप्याच्या मुलाने दोन्हीकडच्या शिवणी धरून अर्धा कमी करायला सुरुवात केली. तेलवालीच्या नातवाने तर उत्तर लिहायचंच सोडलं, कारण म्हणे डबा गळका होता. गवळ्याच्या मुलाचं उत्तर मात्र दरवेळी पाव जास्त यायचं. बाईंनी त्याला कारण विचारलं नाही. गावात राहायचं होतं.

अशात दोरवाला स्वतःच शाळेत आला. पाटीवरच्या फुल्या त्याने पाहिल्या होत्या. वर्गाच्या दारातच उभा राहून तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या गणिताने पोहरा पाण्याला लागला नाही. माझ्या पोरीने आधीच नऊ सांगितलं होतं. मग फुली कुणाला?"

बाईंनी सांगून पाहिलं की कागदावरची बेरीज वेगळी असते. तो म्हणाला, असेल, पण कागदाने पाणी निघत नाही. मग बाई म्हणाल्या की संध्याकाळी मीच तुमच्याकडे येते, तुमचं काम बघते. याला तो नाही म्हणू शकला नाही.

बाई गेल्या तेव्हा मायलेकी मिळून चाक फिरवत होत्या. बाई बाजूच्या दगडावर बसल्या आणि बघत राहिल्या. कुणा बागवानाला लांब दोर हवा होता आणि दोरवाल्याजवळ दोन तयार तुकडे होते. त्याने ते जमिनीवर सरळ अंथरले, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला टेकवलं, आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "सव्वासात," तो स्वतःशीच पुटपुटला. मग टोकं एकमेकांत अडकवून गाठ आवळली, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "सात."

"आधी काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"सात."

"त्याच्या आधी?"

दोरवाल्याने आठवून पाहिलं. "सव्वासात. पण ते धरायचं नाही. ते नुसतं टेकवून बघितलं."

"तेच," बाई म्हणाल्या. "मी शाळेत नुसतं टेकवायलाच शिकवते. गाठ मारायचं काम तुमचं."

दोरवाला दोराचं वेटोळं करू लागला. पण मुलीने चाक थांबवलं होतं, आणि आईला ते ओरडून फिरवायला लावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पावकमीने पहिल्यांदा सगळी गणितं बरोबर केली. टेकवून किती, हे ती आधी लिहायची. मग तिला राहवायचं नाही, म्हणून खाली दुसऱ्या ओळीत गाठ मारून किती तेही लिहायची. बाईंनी वरच्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि खालची सोडून दिली. आजारी माणूस जेवायला लागला की वाढणाऱ्याने घास मोजू नयेत.

इथं बाईंची चूक झाली. साहेब आले, दहा गणितं घातली, पाट्या नव्हे तर कागद गोळा केले आणि खुर्चीत बसून तपासू लागले. पावकमीचा कागद हातात आला आणि त्यांची पेन्सिल अडली. दहा गणितांना वीस उत्तरं. साहेबांचा नियम होता, एका प्रश्नाला दोन उत्तरं म्हणजे उत्तर नाही. त्यांनी कागदाच्या माथ्यावर शून्य काढलं.

बाईंनी सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले की सगळी पोरं आपापल्या घरचा धंदा उत्तरात घालू लागली तर मला दर गावाला वेगळं गणित तपासावं लागेल. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. कोपऱ्यात गवळ्याचा मुलगा मान खाली घालून बसला होता.

पण साहेब अगदीच दगड नव्हते. एक तोंडी प्रश्न विचारतो म्हणाले, उत्तर एकच पाहिजे, त्यावर काय ते ठरवू. खिडकीबाहेर दोरवाला उभा होता. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं, विकायला निघालो होतो असं दाखवायला.

"दीड अधिक पावणेदोन?" साहेबांनी विचारलं.

पावकमीने विचारलं, "कशाचे, साहेब?"

"कशाचेच नाहीत. नुसते."

मुलीने दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर धरल्या, टोकाला टोक टेकवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"सव्वातीन," ती म्हणाली.

"आणि गाठ?" खिडकीतून आवाज आला. दोरवाल्याच्या तोंडून निघून गेलं होतं.

मुलीने बापाकडे वळून पाहिलं. "साहेबांनी दोर कुठं दिलाय, बाबा? नुसता आकडा दिलाय."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि शून्य खोडून वरच्या ओळींचे गुण दिले. खालच्या ओळी त्यांनी एकदा वाचल्या. दहाच्या दहा ठिकाणी बरोबर पाव वजा होता. त्याला मात्र त्यांच्याकडे गुण नव्हते.

दोरवाला शब्दाला जागला. संध्याकाळी त्याने पट्टीवर काम करता करता विचारलं की पाचवीची शाळा किती लांब. बायको म्हणाली, पावणेदोन मैल, आणि चाक आता मी डाव्या हाताने फिरवीन, तुम्ही काळजी करू नका.

"म्हणजे रोजचं जाऊन येऊन किती?" त्याने मुलीला विचारलं.

"साडेतीन."

तो थांबून राहिला. मुलगी पुढं काही बोलेना.

"यातून काहीच जात नाही?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "पायी चालायचं ना, त्यात गाठ कुठली? हे सगळं पुरं भरतं."