शेडमधलं भांडं

“रोज एकदा उलटायचं. लाकडी चमच्याने. धातू लावायचा नाही आणि दिवस चुकवायचा नाही.”

हे माझ्या विहीणबाईंचं, गेर्डाबाईंचं सांगणं. माझ्या मुलाच्या, पियूषच्या लग्नाला त्या जर्मनीहून पुण्याला आल्या, तेव्हा मी सहज विचारलं होतं, तुमच्याकडे नाताळला काय करता? त्यांनी हात हलवून हलवून सांगितलं. पियूषने मराठी केलं : मांस पाच दिवस आंबटात मुरवायचं, मग मंद आचेवर शिजवायचं. ‘गाईचं’ हा शब्द त्याने गाळला. तो मला इथे आयर्लंडला आल्यावर कळला.

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले, आणि करोनात अडकले. डिसेंबर आला. गेर्डाबाई एप्रिलमध्ये गेल्या. माझ्या सुनेने, हायकेने, आईचा अंत्यविधी ओंगार उपनगरातल्या या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर पाहिला. मी शेजारी होते. तिचा पाण्याचा पेला भरत राहिले.

मी आल्यापासून तिने मांस स्वयंपाकघरात आणलं नव्हतं. गेल्या रविवारी मात्र तिने विचारलं, “आई, फक्त एकदा? मम्माचं.” तिला सातवा महिना चाललेला. मी मान हलवली आणि वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वास दाराखालून आला. उकळतं व्हिनेगर, कांदा, लवंग, तमालपत्र. लवंग आणि तमालपत्र माझ्याच डब्यातलं, हे सगळ्यात वाईट. मसालेभाताचा ओळखीचा वास, आणि त्याच्या तळाशी कच्च्या रक्ताचा. मी उदबत्ती लावली तर दोन्ही एकमेकांत मिसळून आणखीच ओंगळ झालं. माझं नातवंड यावरच वाढतंय, असंही मनात आलं. ते मी कुणाला बोलले नाही.

मांसाचं भांडं गारठ्यात मुरायला मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेलं. सोमवारी हायकेचं बीपी वाढलं आणि तिला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं. करोनामुळे आत कुणालाच सोडत नव्हते. पियूष कारपार्कमध्ये तासभर नुसता बसून आला.

मंगळवारी त्याने शेडचं दार उघडलं तेव्हा मी केर टाकायला बाहेर गेले होते. बघायचं नव्हतं, पण दिसलं. जांभळट करडा गोळा, कडेला फेस. चमच्याने पलटला तसा थपकन पडला. तोंडावर पदर दाबला. मी तिथेच ओल्या गवतावर वाकले.

बुधवारी माझा दत्तजयंतीचा सप्ताह बसला. पहाटे स्नान, पाटावर बसून पारायण, एकवेळ जेवण, खाली घोंगडीवर झोप. तीस वर्षांत एकदाही चुकला नाही. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. समोर दत्ताची तसबीर. देवामागे गाय उभी, तिचे डोळे थेट माझ्याकडे.

साडेसहाला पियूष कारखान्यात जायला निघाला. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बारा तासांची पाळी असते त्याची.

“आई, ते शेडमधलं उद्या ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये टाकतो. तुझा सप्ताह, उगाच डोक्याला ताप. हायकेला सांगू, खराब झालं.”

“झालंय?”

“अगं, ते मुळात कुजवल्यासारखंच असतं. कोण बघतंय?”

“तू खातोस?”

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. “सासूबाई प्रेमानं वाढायच्या गं.”

“विचारलंय तेवढं सांग.”

“खातो.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. याच तोंडात मऊभाताचे घास भरवले होते. मला शिसारी आली, आणि पोटच्या पोराची शिसारी आली म्हणून स्वतःचीही.

“आज उलटलंस?”

“वेळ कुठाय? जाऊ दे ना, इट्स ग्रँड.” इथे सगळंच ग्रँड असतं.

दुपारी चारला, अंधारून येत असताना हायकेचा फोन आला.

“आई, पारायण झालं? जेवलात?” आधी तिने हे विचारलं. मग हळूच, “पियूषने आज पॉट केलं ना?”

हो म्हणून टाकता आलं असतं. सकाळचा संकल्प हातावर अजून ओला होता.

“नाही.”

पलीकडे कसलंसं यंत्र टिकटिकत होतं.

“ओके,” ती म्हणाली. “मग खराब होईल. डॉक्टर म्हणाली, फ्रायडेला घरी. मला वाटलं, मम्माशिवाय पहिला ख्रिसमस...” रडली असती तर बरं झालं असतं.

मला लग्नाच्या आदल्या दिवसाची दुपार आठवली. लोणी कढत होतं आणि गुरुजी आले. मी गेर्डाबाईंच्या हातात उलथनं दिलं, खुणेने सांगितलं, ढवळत राहा, सोडू नका. अर्ध्या तासाने परतले तर बाई तशाच उभ्या. नाकाला रुमाल, डोळ्यांतून पाणी, हात चालू. तूप छान रवाळ झालं होतं. त्या नंतर बाथरूममध्ये जाऊन भडाभडा ओकल्या, हे मला फार उशिरा कळलं. कढत्या लोण्याचा वास! मला तो देवघराचा वाटतो.

“आज उलटलं जाईल,” मी म्हटलं.

“कोण? तुम्ही? नो, आई! तुमचा वीक आहे.”

“रोज एकदा, असंच ना? मग आज, उद्या आणि परवा सकाळी. लाकडी चमचा कुठे ठेवतेस?”

ती म्हणाली, “प्रेसमध्ये. वर, डावीकडे.”

किळस गेली नव्हती. जाईल असं वाटतही नाही. सोवळं सोडून जुनं सुती लुगडं नेसले. परतल्यावर पुन्हा डोक्यावरून स्नान करायचं म्हणून इमर्शनचं बटण दाबलं. समईची वात सारखी केली. तसबिरीतल्या गाईकडे पाहिलं नाही, पण तसबीर झाकलीही नाही.

खाली येऊन प्रेसमधून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातून, चमचा काढला. पदर नाकावरून घेऊन मागे गाठ मारली, पियूषचे गमबूट पायांत घातले आणि मागचं दार उघडलं.