चमचा विसरलेला डबा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक डबा डोळ्यांसमोर आणा. डब्यात दही आहे, झाकण घट्ट आहे. हा डबा घरीच उघडला तर काही अडत नाही. हात लांबवला की चमचा मिळतो. पण तोच डबा घेऊन दूर गेलात आणि चमचा घरीच राहिला, तर? पोटात भूक, हातात दही आणि खायची पंचाईत! माझी गोष्ट अशाच एका डब्याची आहे.

मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, म्हणून घरात मला सगळे 'घोरूमामा' म्हणतात. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. पण घरातल्या मावशीने मला टाकून दिले नाही. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांसाठी ती माझ्यावर पॅकेजे बांधते. पॅकेज म्हणजे प्रोग्रामचा डबाच. आत प्रोग्राम असतो, आणि त्याला आणखी कोणकोणते भाग लागतात तेही त्यात लिहावे लागते. लिहिले की ते भाग आपोआप येतात. विसरले की येत नाहीत.

मावशीची भाची भिंगरी तिच्याकडूनच हे काम शिकली. शाळेत भिंगरीच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला फार कमी दिसते. त्या मुलीने एक गोष्ट लिहिली होती आणि ती वर्गात सगळ्यांना ऐकवायची होती. वाचणार होता तिचा संगणक. त्यासाठी मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामचे पॅकेज भिंगरीने माझ्यावर बांधले. चालवून पाहिले, तर काय खणखणीत आवाज!

"रिकाम्या खोलीत बसवून बघितलंस का?" स्वयंपाकघरातून मावशीने विचारले. रिकामी खोली म्हणजे माझ्यातच वेगळी राखलेली कोरी जागा. तिथे आधीचे काहीच नसते.

"इथे चालतंय की, मावशी! उगाच कशाला?"

मित्रांनो, त्या प्रोग्रामला आवाजाचा एक भाग लागत होता. तो माझ्याकडे कधीपासून पडलेला होता. मी तो गुपचूप पुरवला. मला बोलता येत नाही, पण 'इथे चालतंय' हे ऐकून मी फुगलो होतो, हे खरे.

दुसऱ्या दिवशी भिंगरी घरी आली ती दप्तर आपटतच. तास सुरू होण्याआधी तिने मैत्रिणीच्या संगणकावर पॅकेज बसवले होते. पण गोष्ट सुरू केली आणि आवाजच नाही. वर्ग खो खो हसला.

"मग तू काय म्हणालीस?" मावशीने विचारले.

"म्हटलं... तिचं मशीनच भंगार आहे."

"आणि ती?"

"लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि खाली बसली."

मावशी रागावली नाही. तिने फक्त माझ्यातली रिकामी खोली उघडली आणि पॅकेज तिथे बसवले. चिडीचूप! माझ्या पोटातला चमचा, म्हणजे तो आवाजाचा भाग, आता भिंगरीला दिसला. त्या क्षणी मला माझ्या घरघरीचीही लाज वाटली. भंगार कुणी असेल तर तो मी होतो. आणि बोल लागला बिचाऱ्या त्या संगणकाला, त्याहून त्या मुलीला.

मित्रांनो, एवढे मात्र लक्षात ठेवा. आपल्या घरी चालले म्हणजे सगळीकडे चालेलच असे नसते. आणि नाही चालले, तर दुसऱ्याच्या घराला नावे ठेवू नका.

भिंगरीने राहिलेला भाग लिहून टाकला आणि पॅकेज पुन्हा बांधले. रिकाम्या खोलीत आवाज घुमला. आता एकच ओळ उरली होती. पॅकेजात काय बदलले, ते बांधणाऱ्याच्या नावासह लिहायचे असते, आणि ते कुणालाही वाचता येते.

"'किरकोळ दुरुस्ती' लिहू का गं?" तिने हळूच विचारले.

"नाव तुझं जाणार आहे. तूच ठरव," मावशी म्हणाली.

भिंगरीने माझ्या कळांवर बोटे ठेवली. मग तिने लिहिले: 'आवाजाचा भाग जोडायचा राहिला होता. चूक बांधणारीची. मैत्रिणीचे मशीन उत्तम आहे.' खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले.

मग तिने मैत्रिणीला फोन लावला. "ऐक ना, तुझी गोष्ट उद्या पुन्हा ठेवू. पण आधी वर्गात मी उभी राहणार आहे. एक ओळ वाचून दाखवायचीये."